आमच्या टिंबटिंबची मुलाखत

आमच्या सुनेचं घरातलं नाव टिंबटिंब. ते मी ठेवलेलं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर सगळं माझ्याच माथी मारतात. ठेवलं माझ्या लेकीने, म्हणजे तिच्या नणंदेने, आणि तेही लग्नाला महिना व्हायच्या आत. ही पोरगी बोलायला लागायची, अर्ध्यावर यायची आणि थांबायची. "मला वाटतं, हा पडदा जरा…" एवढं म्हणून पडद्याकडे बघत राहायची. मी म्हटलं, उठावदार हवा ना, आणते की. दुसऱ्या दिवशी फुलाफुलांचं कापड आणून पडदा शिवून लावलासुद्धा. लेक म्हणाली, वहिनीच्या प्रत्येक वाक्यापुढे टिंबं असतात आणि ती आई भरते. झालं, नाव चिकटलं ते चिकटलंच.

आता थांबायची म्हणजे अडखळायची का? मुळीच नाही. विचार करून बोलणारं माणूस मध्ये श्वास घेतं, तशी ती घ्यायची. पण आमच्या घरात श्वास घ्यायला जागा कुठे होती! आमचं चष्म्याचं दुकान. पुढे काउंटर, मागे हे काचा घासतात ती खोली, वर घर. दिवसभर आम्ही एकमेकांशी ओरडूनच बोलतो. मी काउंटरवरून विचारायचं, ह्यांनी यंत्राच्या आवाजातून उत्तर द्यायचं, मुलाने फ्रेमचे स्क्रू पिळता पिळता ते दुरुस्त करायचं. एकाने वाक्य सुरू केलं की दुसरा उचलतो, तिसरा संपवतो आणि गिऱ्हाईक चष्मा घालून बाहेर पडतं. कामं पटापट होतात. लग्न झाल्यापासून ह्यांनी माझ्यासमोर एक वाक्य शेवटपर्यंत नेल्याचं मला तरी आठवत नाही, पण त्यांची त्याबद्दल काही तक्रार नाही. असती तर बोलले असते.

सून आली ती डोळे तपासायची पदवी घेऊन. तोवर आमच्याकडे लोक बाहेरून नंबर काढून आणायचे. ती आल्यावर काउंटरशेजारी पडदा लावून तपासणीची खोली केली. आत भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक उंच खुर्ची, काचांची पेटी. ती माणसाच्या नाकावर ती जड फ्रेम चढवायची, एक काच घालायची, काढायची, दुसरी घालायची आणि विचारायची, "आधीचं स्पष्ट की हे?" आणि गप्प बसायची. समोरचा कितीही वेळ लावो, ही ढिम्म हलायची नाही. बाहेर लोक खोळंबायचे, मी कातावायचे, पण तिने काढलेल्या नंबराचा चष्मा सहसा परत आला नाही. हे मान्य करायला मला काही जड जात नाही.

पुढे शिकायचं तिने बोलून दाखवलं ते माझी नात शाळेत रुळल्यावर. सगळे जेवत होतो. ती म्हणाली, "मला पुढचा कोर्स करावासा वाटतो. आपल्याकडे जी माणसं येतात ना, ज्यांना…" आणि थांबली. मुलगा म्हणाला, ज्यांना आपल्या पोरांचे डोळे दाखवायचे असतात. मी म्हटलं, अगदी खरं, हल्ली शाळेतली निम्मी पोरं चष्मेवाली. हे म्हणाले, विद्यापीठात मुलांच्या डोळ्यांचा वेगळा कोर्स आहे. मी म्हटलं, मग तोच कर, दुकानावर नवी पाटी लावू. जेवण आटपेपर्यंत कोर्स ठरला आणि पाटीचा रंगही ठरला. ती हसली. हसली म्हणजे तिला पटलं, असं आम्ही धरून चाललो.

मी तिच्या शिक्षणाच्या आड आले असं कुणी म्हणू नये. उलट सगळ्यात जास्त हौस मला. नातीचं मी बघेन, स्वयंपाक मी बघेन, तू फक्त शीक, असं मी चारचौघांत सांगितलं होतं. सुनेला दोन वर्षं परगावी पाठवणारी सासू आमच्या ओळखीत दुसरी नव्हती, आणि ती मी आहे याचा मला तोरा होता. अर्ज मुलाने भरला. 'हाच विषय का निवडलात' असा एक रकाना होता. ती म्हणाली, "इथे मला जरा…" आणि मुलगा म्हणाला, विचार नको करू, मी लिहितो. त्याने लिहिलं, मी मागे उभी राहून भर घातली, ह्यांनी आतून एक वाक्य ओरडून पाठवलं. झकास जमलं होतं. पुढची पायरी मुलाखत.

मुलाखतीला ती मुलाबरोबर गेली. विद्यापीठ दुसऱ्या गावात, सकाळच्या गाडीने जायचं आणि संध्याकाळी परत यायचं. आल्यावर मी विचारलं, कशी झाली? म्हणाली, "बरी झाली, पण…" मी म्हटलं, पण प्रश्न अवघड होते, असू दे, तुला सगळं येतं. आणि मग यादी लागली. मुलाने ती वरून खाली वाचली, खालून वर वाचली. तिचं नाव नव्हतं. तिने मान हलवली, ताट घासायला घेतलं. माझं मात्र डोकं फिरलं.

राग आला की मला थांबवत नाही. मी सरळ विभागात फोन लावला. प्रमुख बाई फोनवर आल्या. शांत आवाजाच्या होत्या. मी विचारलं, आमच्या सुनेत काय कमी होतं? त्या म्हणाल्या, गुण चांगले आहेत, अनुभव चांगला आहे, फक्त मुलाखतीत… मी म्हटलं, मुलाखतीत तुम्ही तिला घाबरवलंत. त्या म्हणाल्या, नाही हो, आम्ही तर उलट… मी म्हटलं, उलटसुलट प्रश्न विचारलेत. पलीकडे एकदम सामसूम झाली. मला वाटलं, फोन कट झाला.

"मला माझं वाक्य पूर्ण करू द्याल का?" बाई म्हणाल्या. "तुमच्या सूनबाईंनी एकही उत्तर शेवटपर्यंत दिलं नाही. अर्ध्यावर थांबायच्या आणि आमच्या तोंडाकडे बघायच्या. आम्ही पुष्कळ वाट पाहिली. हाच कोर्स का, हे विचारलं, तर त्याचंही उत्तर अर्धंच राहिलं."

मी फोन ठेवला. माझ्या सुनेला काही येत नाही असं सांगितलं असतं तर मी भांडले असते. पण हे असलं काय ते? रात्री जेवताना मी तिला विचारलंच, अगं, बोलली का नाहीस? ती म्हणाली, मी बोलायला लागले होते, मग थांबले, आणि… मुलगा म्हणाला, आणि विसरलीस. मी म्हटलं, घाबरलीस. तिने हातातलं भांडं खाली ठेवलं.

"आणि कुणी पुढचं बोललंच नाही," ती म्हणाली. "तिथे तुमच्यापैकी कोणी नव्हतं."

खरं सांगते, मला बरं वाटलं. म्हटलं, बघा, आमच्यावाचून पोरीचं पान हलत नाही. लेकीला फोन करून हे कौतुकाने सांगितलं. लेक हसली नाही. आई, तू फोन ठेव, म्हणाली.

मग पुढच्याच आठवड्यात दुकानात एक आजीबाई आल्या. बरोबर त्यांची मुलगी. दोघींना सुनेने आत घेतलं. दुपारची वेळ, वीज गेलेली, ह्यांचं यंत्र बंद, त्यामुळे पडद्यामागचं सगळं ऐकू येत होतं. सून हातातल्या बॅटरीवर काम चालवत होती. तिने विचारलं, आधीचं स्पष्ट की हे? मुलगी म्हणाली, तिला कशानेच स्पष्ट दिसत नाही. सुनेने दुसरी काच घातली, परत विचारलं. मुलगी म्हणाली, नाहीच दिसणार, आम्ही किती ठिकाणी दाखवलं.

"त्यांना सांगू द्या," सून म्हणाली.

आणि मग कुणीच बोलेना. मी काउंटरवर काचा पुसत होते, त्या पुसून झाल्या. पुन्हा पुसल्या. शेवटी आजीबाईंचा आवाज आला. म्हणाल्या, कडेचं दिसतं गं बाई, मधलंच पुसून गेलंय. तुझे कान दिसतात, तोंड दिसत नाही. असले डोळे आमच्याकडे अधूनमधून येतात. त्यांना चष्म्याचा उपयोग नसतो. आपण तसं सांगायचं, पैसे घ्यायचे नाहीत आणि डॉक्टरांकडे पाठवायचं. ह्या बाई तर सगळ्या डॉक्टरांकडून फिरून आलेल्या. बाहेर दोन गिऱ्हाइकं थांबली होती, म्हणून मी हाक मारली, चष्म्याने होणार नाही म्हणून सांग आणि मोकळी हो. ती मोकळी झाली नाही. आत बसून ती त्यांना शिकवत होती, माझ्या तोंडाकडे बघू नका, कानाच्या बाजूला बघा, मग तोंड थोडं दिसेल. चहा पांढऱ्या कपात घ्या, दूध गडद रंगाच्या कपात, म्हणजे कुठवर भरलं ते कळेल. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडेला पिवळी पट्टी चिकटवा. आजीबाई मध्येच काही विचारायच्या आणि थांबायच्या. सूनही थांबायची. त्या पुरं विचारायच्या.

त्या गेल्यावर हे मागच्या खोलीतून हात पुसत बाहेर आले. म्हणाले, "त्या आजींची मुलगी आणि आपण…"

मी ते वाक्य पुरं केलं नाही. पुरं करायला शब्द होते तोंडात, पण बाहेर काढवेनात. हेही उभे राहिले थोडा वेळ आणि परत आत गेले.

त्या दिवशी मी ठरवलं, आणि मी ठरवलं म्हणजे घराने ठरवलं, की यापुढे सून बोलत असताना कुणी तोंड उघडायचं नाही. ती थांबली तरी नाही. मला माझी खात्री नव्हती म्हणून मी तोंडात लवंग धरायला लागले. ती बोलायला लागली की मी डबीतून लवंग काढून दातांत धरायचे. मुलगा हाताची घडी घालून बसायचा. नात तोंडावर हात ठेवायची, कारण तिचंही वळण आमच्यावरच गेलेलं. पहिले काही दिवस नुसता तमाशा. ती म्हणायची, "उद्या मला बाजारात…" आणि आम्ही सगळे तिच्याकडे बघत बसायचो, ती आमच्याकडे बघत बसायची, आणि शेवटी म्हणायची, काही नाही. जेवण गार व्हायचं. मुलाला मध्येच हसू फुटायचं. एकदा ती वैतागून म्हणाली, तुम्ही सगळे असे टक लावून बघू नका, मला तोंडी परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. आम्ही लगेच माना खाली घातल्या. ते वाक्य तिने पुरं केलं होतं, हे ह्यांनी सांगितल्यावर आमच्या लक्षात आलं.

मग हळूहळू गाडी रुळावर आली. आणि एकेक ऐकायला मिळायला लागलं. सगळ्यात आधी चहा. मी तिच्या हातात कप दिला. ती म्हणाली, मला चहात साखर… मी लवंग घट्ट धरली.

"मला चहात साखर आवडत नाही," ती म्हणाली. "कधीच आवडत नव्हती."

लवंग उडाली माझ्या तोंडातून. लग्न होऊन आल्यापासून मी तिच्या कपात चमचाभर साखर जास्त घालत आले होते, खास तिच्यासाठी! मी विचारलं, मग इतकी वर्षं प्यायलीस कशाला? ती म्हणाली, पहिल्या दिवशी सांगायला लागले होते, तुम्ही म्हणालात, साखर अजून हवी ना. नंतर तो पडदा निघाला. तिला जाड, काळपट पडदा हवा होता, कारण माझ्या त्या फुलाफुलांच्या कापडातून उजेड आत यायचा आणि तपासताना त्रास व्हायचा. मी कपाळाला हात लावला. मुलाने त्याच संध्याकाळी पडदा बदलला. मला वाटलं, चला, आता सगळं उकरून झालं.

कुठलं झालं! पुढच्या प्रवेशाचे अर्ज निघाले तेव्हा ती जेवताना म्हणाली, "मला यंदा परत अर्ज करायचाय, पण…" मी लवंग घेतली. कुणी बोललं नाही. ती पाण्याचा घोट प्यायली.

"पण मुलांच्या डोळ्यांचा नाही," ती म्हणाली. "तो मी कधी म्हटलाच नव्हता. ज्यांना चष्म्याने दिसणार नाही, त्यांना उरलेल्या नजरेवर कसं जगायचं ते शिकवतात, तो कोर्स आहे. मला तो करायचाय. ते काम दुकानात होत नाही, त्या माणसांना विकण्यासारखं आपल्याकडे काही नसतं. म्हणून शिकून झालं की मी बहुतेक दुकानात परत बसणार नाही."

एवढं सगळं ती एका दमात बोलली नाही. मध्ये तीन-चारदा थांबली. प्रत्येक वेळी मला वाटलं, आता बोलावं आणि हे इथेच अडवावं. लवंगेचा पार भुगा झाला. मुलाने माझ्याकडे बघितलं, ह्यांनी ताटात बघितलं. तिचं झाल्यावर मी उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन घासलेली भांडी परत घासली.

मला राग आला होता. पाटी गेली, तपासणीची खोली गेली, दोन वर्षं नातीला सांभाळायचं आणि वर ही परत येणार नाही. मी म्हणजे काय बिनपगारी दाई? असं सगळं मनात आलं, लपवत नाही. पण भांडी घासता घासता कळत होतं की रागाच्या तळाशी दुसरंच काही आहे. पडद्यामागून तिचा तो हळू आवाज येतो, "आधीचं स्पष्ट की हे?", त्याची मला सवय झाली होती. तो नसला तर दुकानात नुसता माझाच आवाज राहणार. तीन-चार दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. घरात इतकी शांतता की ह्यांनी दोनदा विचारलं, तुझी तब्येत बरी आहे ना.

त्या दिवसांतच त्या आजीबाई परत आल्या. या खेपेला एकट्या. पायरीवर काठी टेकत, मान जरा वाकडी करून, कडेने बघत आत आल्या. सून नातीला आणायला शाळेत गेली होती. बसा म्हटलं, तर काउंटरसमोरच्या स्टुलावर बसल्या आणि मला सांगायला लागल्या, की आता सकाळचा चहा मी माझा करते, सांडत नाही. मुलगी आधी करू देत नव्हती. मग म्हणाल्या, परवा नातवाचं तोंड… आणि थांबल्या. लवंगेची डबी वर घरात होती. मी दोन्ही हात काउंटरवर ठेवले आणि वाट बघितली. त्या म्हणाल्या, नातवाचं तोंड पाहिलं, कानाकडे बघत बघत, तिरकं, पण पाहिलं. घ्यायचं काहीच नव्हतं त्यांना. तेवढं तुमच्या मुलीला सांगा, म्हणाल्या आणि गेल्या. ती सून आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सून आल्यावर मी निरोप दिला. मग म्हटलं, अर्ज तूच भर, काय लिहायचं ते तूच लिही. ती लिहायला बसली तेव्हा मुलगा सवयीने मागे जाऊन उभा राहिला, त्याला मी बाहेर काढला. हे आतून काहीतरी ओरडले, त्यांना म्हटलं, यंत्र चालू करा. तिला पूर्ण दुपार लागली. लिहिलेलं मी वाचलं नाही. वाचावंसं फार वाटलं, पण नाही वाचलं.

मुलाखतीच्या दिवशी मुलगा नेमका तापाने पडला, तेव्हा बरोबर मी गेले. जाताना गाडीत ती गप्प, मी गप्प. शेजारच्या बाईला वाटलं, आमचं भांडण झालंय. विद्यापीठात एक लांब व्हरांडा, व्हरांड्यात बाक, बाकावर पोरंपोरी. सगळी हिच्यापेक्षा लहान, तोंडातल्या तोंडात पाठ केलेलं घोळवत होती. तिचं नाव पुकारलं तशी मीही उठले. शिपाई म्हणाला, आजी, नातेवाइकांनी बाहेर. आजी म्हणाला! पण भांडायची ती वेळ नव्हती.

दाराला वरच्या बाजूला एक काच होती. टाचा उंच केल्या की आतलं दिसायचं, ऐकू मात्र अक्षर येत नव्हतं. टेबलापलीकडे तिघं बसली होती. मधल्या बाई फोनवरच्याच असणार, तशाच शांत दिसत होत्या. त्यांनी काही विचारलं. सून बोलायला लागली. हात मांडीवर, मान सरळ. बोलता बोलता तिचे ओठ थांबले.

माझा जीव टांगणीला लागला. समोरची तिघं वाट बघत होती. तिने हळूच मान वळवली, दाराकडे. मला वाटतं, तिला काचेत माझं कपाळ दिसलं असावं. मी काय करणार होते? पुढचं सगळं मला ठाऊक होतं, आजीबाई, पांढरा कप, नातवाचं तोंड, मी धडाधडा सांगितलं असतं. माझी जीभ नुसती वळवळत होती. मी ओठ घट्ट मिटून घेतले आणि काचेवरून बाजूला झाले. तिला मी दिसायलाच नको.

परत टाचा उंच केल्या तेव्हा ती त्यांच्याकडे तोंड करून बोलत होती. थांबत होती, परत बोलत होती. मधल्या बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं होतं. शिपाई म्हणाला, बसा हो, पाय दुखतील. मी बसले. ती बाहेर आल्यावर कशी झाली, हे मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर तिने आपणहूनच सांगितलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. बाईंनी विचारलं होतं म्हणे, गेल्या वर्षी तुम्ही बोलत नव्हतात, यंदा काय झालं? ती म्हणाली, घरचे आता ऐकतात.

यादीत तिचं नाव वरून तिसरं होतं. मुलाने मोठ्याने वाचलं. नात नाचली. हे यंत्र बंद करून बाहेर आले आणि लगेच परत आत गेले, डोळे पुसतच असणार, मी ओळखते. मी लेकीला फोन केला. ती म्हणाली, आता नाव बदलायला हवं. पण टिंबटिंब हे नाव काही सुटलं नाही. थांबते ती अजूनही.

जायच्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी ती बॅग घेऊन खाली आली. वसतिगृहात खोली मिळाली होती, सुट्टीला येणार होती. पडद्यामागे नवीन मुलगा तपासायला ठेवलाय, चांगला आहे, पण भराभरा विचारतो. नात कालच रडून घेऊन आता शाळेत गेलेली. सून पडदा बाजूला करून एकदा आत बघून आली. मी काउंटरमागे उभी होते. तिला काहीतरी चांगलं सांगावं, नीट अभ्यास कर, वेळेवर जेव, असं, म्हणून मी तोंड उघडलं आणि भलतंच आलं.

"तू गेलीस की मला…" मी म्हटलं.

मी थांबले. आमच्या घरात माणूस थांबलं की कुणीतरी उचलतंच. मुलगा दारात उभा होता, तो बोलला नाही. ह्यांचं यंत्र बंद होतं, तेही बोलले नाहीत. मला क्षणभर रागच आला, माझंच औषध मला पाजतात. सून समोर उभी होती, माझ्याकडे बघत, जराही घाई न करता. अंधाऱ्या खोलीत प्रश्न विचारून झाल्यावर ती अशीच उभी राहत असणार. मी पडद्याच्या अलीकडे बसायचे, त्यामुळे ते कधी पाहिलं नव्हतं.

"मला करमणार नाही," मी म्हटलं. "आणि तू दुकानात परत येणार नाहीस, त्याचं मला फार वाईट वाटतं. पण तू जा."

ती "हं" म्हणाली. मग बॅग खाली ठेवून स्टुलावर बसली. गाडीला वेळ आहे, म्हणाली, चहा घेऊन जाते. मी वर जाऊन चहा केला, तिचा बिनसाखरेचा, आणि तो संपेपर्यंत आम्ही दोघी काहीच बोललो नाही.